मालिनाचा चाळिसावा

"नदी नेमकी कधी वारली? तारीख सांगाल का?"... आता मला सांगा, असं विचारतं का कुणी? फोनवर! मी अजून पहिली कॉफीसुद्धा घशाखाली उतरवली नव्हती, आणि ही लीस्बेट बाई, त्या मोठ्या इमारतीतल्या पाण्याच्या खात्यातली (खात्याचं नाव नाही घेत, उगाच त्याचीही नोंद व्हायची), आवाज असा मऊ की तुमचा दात काढला तरी तुम्ही थँक्यू म्हणाल, ती मला म्हणते, "झाहारी, तुमच्या नदीचं कळलं, फार वाईट वाटलं हो. पण फाइलीला तारीख लागते." अहो बाई, नदी आहे ती, माझी आत्या नाही! तर म्हणते, "बरोबर, बरोबर. तुमच्या म्हणण्याची आम्ही नोंद घेतली आहे."

नोंद घेतली आहे! तुम्हाला सांगतो, ब्रसेल्समध्ये माझे केस गेले ते या तीन शब्दांनी गेले. माझा धंदा काय, तर नद्यांची बाजू मांडायची. पाणी, हवा, वीज, यावर युरोपात जे जे नियम शिजतात त्या त्या पातेल्याशेजारी आमची छोटीशी संस्था उभी, "जरा मासे जगतील एवढं बघा हो" म्हणत. आणि पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला कोण? तिबो! हा तिबो पूर्वी माझ्याच टेबलाला बसायचा, माझ्यापेक्षा मोठ्यानं मासे-मासे करायचा, आता वीजकंपन्यांना सल्ला देतो. बूट असे चकचकीत की वाकून त्यात बघून भांग पाडावा. भेटला की खांद्यावर हात टाकून म्हणतो, "झाहारी, अरे आपण दोघं एकाच बाजूला आहोत. हिरव्या विजेच्या!" आता हिरवी वीज म्हटलं की मी काय बोलणार? कोळशाची बाजू घेऊ?

तर ही हिरवी वीज आली आमच्या ब्रेस्तेवोत. ब्रेस्तेवो म्हणजे माझं गाव, रोडोपीच्या डोंगरात, आणि मालिना म्हणजे गावची नदी. कंपनीनं गावाच्या वर बांध घातला, नदी उचलली, पाइपात घातली आणि गावाच्या पार खाली नेऊन सोडली. मधे गाव. मधे गोटे. नियम काय सांगतो? थोडं पाणी नदीत कायम सोडलंच पाहिजे! तो नियम लिहिला जात होता तेव्हा मी त्या दाराबाहेर उभा राहून राहून पाय सुजवून घेतलेत. कंपनी पाणी सोडते की! आमच्या सरपंचाच्या, मिन्चोच्या, न्हाणीघरातला नळ ठिबकतो ना, तितकं. उन्हाळ्यात तेही नाही.

आणि तुम्ही म्हणाल, गोटे तर गोटे, त्यात काय? त्यात झफिरामावशी! माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं धुण्याचं कुंड आहे नदीकाठी. जमिनीत पुरलेलं, लाकडी फळ्यांचं, वर रुंद खाली निमुळतं. नदीची धार वरून आत पडते, भोवरा गरगरतो, आणि त्यात आमच्याकडचे ते जाडजूड केसाळ लोकरी रग धुतले जातात. घरी नाही धुता येत ते. भिजलेला एक रग उचलायला दोन बायका आणि एक शिवी लागते. साबण नाही, काही नाही, नुसतं पाणी, आणि रग असा फुलून वर येतो की त्यात तोंड खुपसून झोपावं. पूर्वी डोंगरापलीकडून बायका यायच्या, दिवसभर बसायच्या, आपापल्या सुनांची धुणीही तिथंच व्हायची. गाव गाव म्हणून उरलं होतं ते या कुंडामुळं. शाळा गेली, दवाखाना गेला, बस आठवड्यातून एकदा, तीही ड्रायव्हरची इच्छा असेल तर. कुंड होतं. आणि लाकडी कुंडाला पाणी नसलं की काय होतं? फळ्या वाळतात. वाळल्या की फटी पडतात. एकदा कुंड फाकलं की संपलं. ते बांधणारा शेवटचा सुतार मावशीच्याच नवऱ्याशेजारी पुरलाय.

मी पत्रं लिहिली. नोंद घेतली आहे. फोटो पाठवले. नोंद घेतली आहे. मेलेले मासे बर्फात घालून पाठवायला निघालो होतो, आमच्या बायकोनं अडवलं, म्हणाली, "ते मासे परत येतील, आणि आपल्याच घरी येतील."

आणि इकडे गावाचा धीर सुटला. आता आमच्याकडची रीत अशी, माणूस गेलं की काळ्या चौकटीत फोटो छापून कागद डकवायचा. घराच्या दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर. कोण गेलं, कुणाला दुःख झालं, सगळं त्यात. मग चाळिसाव्या दिवशी, म्हणजे चाळिसाव्याला, पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. आमच्या गावात जिवंत माणसं हाताच्या बोटांवर मोजावी आणि खांबांवर मात्र ही गर्दी! तर मालिनाची शेवटची धार बंद झाली त्या दिवशी मावशी, मिन्चो आणि मंडळींनी नदीचा कागद काढला. काळी चौकट, आत मालिनाचा जुना फोटो, भरलेली, फेसाळलेली. खाली मजकूर: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमची लाडकी मालिना आम्हाला सोडून पाइपात गेली. शोकाकुल: ब्रेस्तेवो, उरलेले मासे, झफिराचं कुंड." डकवला सगळीकडे. कंपनीच्या फाटकावरसुद्धा! पेपरवाल्यांनी उचलला, देशभर झाला, ब्रसेल्सला पोचला. मी तर ऑफिसात नाचलो. म्हटलं, आता हलतील!

हलले ना. फोन आला. "नदी नेमकी कधी वारली?"

म्हटलं, "बाई, ती आमची रीत आहे. दुःख सांगायची."

"म्हणजे नदी जिवंत आहे?"

"नाही हो, पाणीच नाही तिच्यात!"

"म्हणजे वारली." आणि तिकडून कागद उलटल्याचा आवाज. "झाहारी, अडचण अशी आहे, आमचा विभाग वाहत्या नद्यांचा. वाहत नसलेल्या नद्या मृत जलांच्या विभागाकडे जातात."

"मग तिकडे पाठवा!"

"तो विभाग अजून सुरू व्हायचा आहे."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, बाई, मी तुमच्या पाया... नाही, तसं नाही म्हटलं, तिथं असं म्हणत नाहीत. तिथं म्हणतात, "प्रत्यक्ष पाहणीची संधी मिळाल्यास आम्ही आभारी राहू." आणि काय आश्चर्य, बाई म्हणाली, येते! खरंच येते! पण पाहणीचा नियम असतो. पाहणीचा दिवस दोन्ही पक्षांना आधीच कळवायचा. मलाही कळवला, कंपनीलाही कळवला. कंपनीचा सल्लागार कोण? तिबोच! त्याचं उत्तर कसं आलं माहितीय? "स्वागताला आम्ही आनंदानं हजर राहू." ते वाचूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी दिवस बघून हरखलो. नेमका मालिनाचा चाळिसावा! म्हटलं, सगळं गाव कोरड्या पात्रात उभं असेल, मेणबत्त्या, पाद्री, गेलेल्याच्या नावानं उकडलेला गहू, आणि मधे लीस्बेट बाई, डोळ्यांत पाणी! नदीत नाही तर बाईच्या डोळ्यांत तरी!

झालं सगळं तसंच. पात्राच्या मधोमध टेबलं मांडली, पायांखाली गोट्यांची पाचर घालून. गव्हाच्या ताटावर पिठीसाखर, वर बदामांनी मालिनाचं नाव. पाव, वाइन, आणि रकिया, म्हणजे आमची घरची फळांची दारू. आमचे पाद्री म्हणाले होते, "नदीचा चाळिसावा मी करणार नाही, धर्मात बसत नाही." मावशीनं त्यांना म्हटलं, "तुमच्या पलंगावरचा रग कुणी धुतला आजवर?" बसला धर्मात. लीस्बेट बाई आल्या, रबरी बूट, हातात पट्ट्या मारलेली मोजकाठी, गळ्यात ओळखपत्र. कोरडे गोटे बघून बाईंचा चेहरा खरंच पडला हो. मी पाहिला. म्हणाल्या, "झाहारी, हे फार गंभीर आहे." तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथला माणूस "नोंद घेतली" सोडून काहीतरी बोलला!  आणि मागं तिबो उभा, काठावर, मनगटावरच्या घड्याळात बघत.

पाद्री म्हणाले, "हे प्रभू, तुझ्या दासीला, मालिनाला, विसावा दे..." आणि वरून आवाज आला. आधी वाटलं ट्रक आहे. मग मिन्चो ओरडला, "पळाऽऽ!" आणि आली की मालिना! तपकिरी, फेसाळ, काटक्याकुटक्या घेऊन, स्वतःच्या चाळिसाव्याला स्वतः हजर! टेबलं गेली, गहू गेला, बदामांचं नाव गेलं, पाद्रीबुवा झगा कंबरेपर्यंत उचलून गोट्यांवरून असे उड्या मारत सुटले की मला त्यांच्या वयाबद्दल शंका यावी. लीस्बेट बाई मात्र शूर. काठावर उभ्या राहिल्या आणि मोजकाठी पाण्यात रोवली. "अरे वा," म्हणाल्या, "प्रवाह तर चांगलाय!"

म्हटलं, "बाई, आत्ता सोडलाय तो! तुमच्यासाठी! तुम्ही गेलात की बंद!"

तिबो पुढं आला, दुःखी चेहरा करून. "झाहारी, अरे, तुमच्याच तक्रारीवरून सोडलं ना पाणी. आता सोडलं तरी रडतोस?"

"बंद झालेला तुम्ही पाहिलाय का?" बाईंनी मला विचारलं. "म्हणजे, मोजून?"

मी म्हटलं, "चाळीस दिवस गोटे मोजतोय!"

"या म्हणण्याची..." बाई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात मागं कल्ला झाला. बघतो तर मावशी! गाव जीव घेऊन डोंगराकडे पळतंय आणि ही घराकडे. शेजारच्या वेलिकाला, सगळ्या बायकांना ओरडतेय, "रग आणा गं! वेलिका, अगं रग आण! सगळे आणा!" आणि बायका निघाल्या की घराघरांतून, खांद्यावर, पाठीवर, हातगाड्यांवर, सबंध दोन उन्हाळ्यांचे मळके, कुबट, उंदरांनी कुरतडलेले रग!  मी आडवा गेलो. म्हटलं, "मावशी, नको! तुझ्या हातापाया पडतो, आज धुवू नकोस! बाई बघतेय. तू धुतलंस की ती लिहिणार, सगळं झकास चाललंय. केस हरलो आपण!"

मावशी थांबली. खांद्यावर रग, तोंड लाल. म्हणाली, "किती वेळ राहील पाणी?"

"बाई आहे तोवर."

"मग बाजूला हो."

"मावशी, अगं आजच्या दिवसासाठी मी इतकी वर्षं..."

"झाहारी, तुझी फाइल वाळली तर तू पुन्हा लिहिशील. माझं कुंड वाळलं तर कोण करणार? तू? तुला खिळा ठोकता येतो का, मेल्या? फळ्या अजून धरून आहेत. आज पाणी प्याल्या तर हिवाळा काढतील. बाजूला हो, नाहीतर धर दुसरं टोक!"

आता काय सांगू तुम्हाला... ती माझ्याकडे बघत होती ना, ते रागानं नव्हतं हो. तिला भीती वाटत होती. सत्तरी उलटलेल्या बाईला मी घाबरलेलं पाहिलं, नवऱ्याच्या मातीला नव्हती घाबरली ती. मी बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. धरलं दुसरं टोक.

कुंड आधी गळलं, चारी बाजूंनी. मावशी फळ्यांवर हात फिरवत, "पी बाई, पी," म्हणत होती. मग हळूहळू गळती थांबली, भोवरा उठला, आणि रग फिरायला लागला. बायका रडत होत्या की हसत होत्या कुणास ठाऊक, पाण्यात कळत नव्हतं. आणि लीस्बेट बाई फोटो काढत होत्या. निघायला लागल्या तर वेलिकानं त्यांच्यापुढं भरलेलं ताट ठेवलं, मग कॉफी, मग दुसरी कॉफी, मग रकिया! बाईंना कधी नव्हे ते इतकं प्रेम मिळालं, त्यांना काय ठाऊक, मागं अजून रग शिल्लक होते! शेवटचा रग पिळला तेव्हा बाई गाणं म्हणत होत्या. गाडी वळणाआड गेली, आम्ही रग वाळत घालेतो पात्रात पुन्हा गोटे.

अहवाल आला. सुंदर कागद. मुखपृष्ठावर फोटो: फेसाळती मालिना, कुंड, झफिरामावशी, आणि तिच्यासमोर रगाचं टोक धरून, दुमडलेल्या पँटीत, दात काढून उभा... तक्रारदार! खाली ओळ: "नदीवरील पारंपरिक वापर उत्साहात सुरू." मी फोन केला, चिडलो, ओरडलो, म्हटलं तो मी रडत होतो, बाई, हसत नव्हतो! बाई फार मऊपणे म्हणाल्या, "याचीही आम्ही नोंद घेतली आहे." फाइल बंद. तिबोनं मला कॉफी पाजली. वर म्हणतो, "फोटो मात्र छान आलाय रे तुझा."

महिन्याभरानं मावशीचा फोन. म्हटलं, आता शिव्या. तर म्हणते, "झाहारी, ती तुझी बाई पुन्हा कधी येणार? फळ्या वाळायला लागल्यात."

मग काय करता? बाई नाही आली. मी पोर्तुगालचे दोन प्राध्यापक नेले. सोडलं पाणी! मग पवनचक्कीवाल्यांची समिती नेली, त्यांचा नदीशी काडीचा संबंध नाही, जेवण चांगलं मिळेल म्हणून आले. सोडलं पाणी! प्रत्येक जण परत जाऊन लिहितो, मालिना ठणठणीत आहे. मी खाली साक्षीदार म्हणून सही करतो. आता माझी संस्था विचारते, "झाहारी, तू नेमका कुठल्या बाजूनं आहेस?" काय सांगू? धुण्याच्या!

तिबोला कळलंय का सगळं, ते मी विचारत नाही, तोही बोलत नाही. कंपनीनं फाटकावरच्या आपल्या माणसाला एवढंच सांगून ठेवलंय, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं कुणी दिसलं की पाणी सोडायचं. तेव्हा मंडळी, मी आपलं विचारून ठेवतो... तुमच्यापैकी कुणाकडे गळ्यात घालायचं ओळखपत्र आहे का हो? कसलंही चालेल. जरा एक दिवस याल आमच्याकडे? जेवण उत्तम असतं. फक्त सावकाश जेवा... थंडीचे रग बरेच आहेत.