दहा नोव्हेंबरचा डाग

नाही साहेब, मधलीच वही नका काढू — सत्तावन्न सालापासून क्रमाने बघा, म्हणजे हात कसा बसत गेला ते कळेल. पहिल्या वहीत सूर्य अंड्यासारखा आलाय, हसा खुशाल. दुर्बीण कस्टमच्या चौकीवरची — मी तिथे कारकून, आल्या-गेल्या होड्या लिहायच्या — ती मोडीत निघाली तेव्हा मागून घेतली. तिला डोळा लावायचा नाही, सूर्य कागदावर पाडायचा आणि दिसतील तसे डाग पेन्सिलीने काढायचे, रोज सकाळी आठला. पावसाळ्यात नुसतं 'ढग' लिहिलंय, चार-चार महिने ढग. शिकवलं कोणी? एडवणात कोण शिकवणार — एका मासिकात लेख वाचला होता, बाकी बघून बघून. मोठा डाग समोर आला की रेडिओवरचं सिलोन विरून जातं, आणि सत्तावीस दिवसांनी तोच डाग फिरून समोर येतो — हे माझं मी धरलं. नक्षत्रंही सत्तावीसच, म्हणून किनाऱ्यावरचे मला भटजी म्हणायचे. तुमच्या संस्थेला सात पत्रं टाकली मी, सात — आणि आता तुम्ही स्वतः आलात, एका हाताची अकरा वर्षं, डागांचं अख्खं चक्र, छापण्यासारखं आहे म्हणालात. बायकोला सांगितलं, आज चहात दूध जास्त घाल.

कुठलं पान? दहा नोव्हेंबर चौसष्ट. हो, मोठा आहे डाग. तुमच्या नोंदीत सूर्य कोरा आहे? — तुमच्या माणसाची नजर चुकली असेल, होतं असं. तिकडे ढग असतील. नव्हते? तुमच्या दोन्ही वेधशाळांत कोरा? बरं. चहा घ्या ना, निवतोय. मंगळवार होता, दिवाळी नुकती झालेली. त्या साली सूर्य बहुतेक कोराच असायचा, पण ऑक्टोबरच्या चौदाला मधोमध एक डाग दिसला होता, म्हणून मी सत्तावीस दिवस मोजले आणि एकनाथ तांडेलाला सांगितलं, मंगळवारी तुझा रेडिओ गप्प बसणार, घाबरू नकोस. तो रोज विचारायचा — 'भटजीबुवा, उद्या रेडू बोलंल का नाय?' — थट्टाच करायचा, पण ऐकायचा. गावात पहिला ट्रान्झिस्टर त्याचा, मुंबईची कोळ्यांसाठीची हवेची बातमी ऐकल्याशिवाय तो होडी काढायचा नाही, आणि बाकीचे त्याला हसायचे, समुद्राला काय रेडू विचारून जायचं व्हय. काय? मुंबई इतकी जवळ, तिला डाग काय करणार — हो, ते आज तुम्ही सांगताय. मला सिलोनचं माहीत होतं, मी मुंबईलाही तेच लावलं.

तर मंगळवारी सकाळी त्याचा रेडिओ खरंच गप्प. चौकीवरून जाताना ओरडला, 'बुवा, तुमचा डाग आला, रेडू मेलाय' — आणि हसत होता, माझं बरोबर आलं म्हणून त्यालाच आनंद. आठला मी सूर्य कागदावर पाडला. कोरा. काच पुसली, पुन्हा पाडला, तरी कोरा. डाग मावळला होता, मागच्या बाजूला असतानाच — डाग मरतात, ते मला माहीत होतं, सांगायचं राहिलं होतं. होडी अजून वाळूत होती, साहेब. इथून किनारा तो समोर, तीनशे पावलं. जाऊन म्हणायचं होतं, एकनाथ, सूर्याचं काही नाही, तुझा सेट बिघडलाय, दुसरीकडे हवा विचार. मी खुर्चीत बसून राहिलो — म्हटलं, एक दिवस चुकलं तर काय होतं. दुपारी वारा फिरला. होडीत तिघं होते, एकही परत आला नाही; दोघांची प्रेतं केळव्याच्या बाजूला लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ भगवंत आला, दारातूनच, 'वही दाखव, डाग हाय का नाय ता बघू' — तो आत यायच्या आधी मी कालच्या पानावर डाग काढला. पेन्सिल हातातच होती. तो बघून गेला. आणि महिन्याने पुष्पलता, एकनाथची बायको, तो रेडिओ घेऊन आली, की विकायचाय, जरा बघा. उघडला तर आत एका तारेचा डाग सुटलेला, डाग म्हणजे कथलाचा सांधा, गव्हाएवढा. तो लावला आणि मुंबई बोलायला लागली. तिने विचारलं, 'काय झाला व्हता याला?' मी म्हटलं, डाग. खरंच तेवढंच म्हटलं. तिने वर सूर्याकडे बघितलं, आणि मी — मी सेटचं झाकण लावत बसलो.

बाकीची पानं खरी आहेत. हे मीच सांगतोय म्हणा, आणि मी कोण ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. राहू द्या, बांधू नका, मी ठेवतो वह्या आत. सफाळ्याची एसटी देवळापाशी लागते, वाळूच्या वाटेने जा, जवळ पडेल. वाटेत एक बाई बोंबील वाळत घालत असेल — तिला काही सांगू नका. ती अजून सूर्यालाच शिव्या देते. निघा, गाडी चुकेल.