आधी पुसा, मग बंद करा

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे सासू-सून उभ्या होत्या.

"दादा, माझ्या फोनमधले फोटो आपोआप घरच्या टॅबलेटवर जातात. ते बंद करायचंय."

"सिंक बंद करतो, ताई. मिनिटाचं काम."

"पण काल नव्या खोलीचा फोटो काढला, तोही गेलाय. खिडकीतून समोरच्या दवाखान्याची पाटी दिसते."

"मग आधी तो पुसा, मग बंद करा. नुसतं बंद केलं तर तो तिकडे तसाच राहील."

"ह्यांनी बघितला असेल तर?"

"नाही बघितला. टॅबलेट कालपासून माझ्या पिशवीत आहे. हा घ्या, दादा."

"आई! घरी विचारलं तर?"

"मीच नेला म्हणून सांगेन. माझ्यावर हात उचलायची त्याची अजून छाती नाही."

"तो म्हणजे कोण, आजी?"

"माझा मुलगा. पोटचा आहे म्हणून पाठीशी घालू? हिचा सुजलेला गाल मी शेकलाय."

"...पुसला. दोन्हीकडून गेला, सिंकही बंद केलं. आता पासवर्ड बदला, ताई. त्यांना माहीत असेल ना?"

"तोंडपाठ आहे."

"मग आत्ताच बदल, सूनबाई. आणि मला सांगू नकोस."

"तुम्हाला का नाही?"

"तो रडायला लागला की मी पाघळते, बाई."

"आई..."

"डोळे पूस. दादा, आता माझ्या फोनचंही बंद करा. रविवारी हिच्याकडे जेवायला जाणार आहे, फोटो काढल्याशिवाय मला राहवायचं नाही."