ड्रोनला दावं

रविवारी सकाळी बरोबर सात चाळीसला आमच्या ह्यांनी सुटे पार्ट जोडून घरी केलेला ड्रोन गच्चीवर आणला. दाराशी सासूबाई आमच्या दीड वर्षाच्या परीला कडेवर घेऊन उभ्या. मी ड्रोनला नायलॉनची दोरी बांधली, दुसरं टोक टाकीच्या पाइपाला.

“म्हस हाय काय ही, दावं लावायला?” हे हसले.

“म्हस निदान ऐकती तरी,” मी म्हणाले.

ड्रोन उडाला, गर्रकन वळला आणि थेट परीकडं सुटला. रिमोट काय चालंना. परीच्या दोन हात अलीकडं दोरी ताणली आणि ड्रोन खाली आपटला. दोरी मी तेवढीच मापून ठेवलेली.

आता हेच विचारतात, “दावं कुठं हाय गं?”

तुमच्यात कुणी ड्रोन जोडत असेल तर त्याला एवढं सांगा की, आधी दावं, मग रिमोट.