सुलावेसीवरचा शेरा

विषय: इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसी प्रांतात कारखाना काढावा काय, यावर जावईबापूंनी कंपनीला द्यायचे मत.

जर्मनीत नेकारसुल्मला लेकीकडे आलो, तर जावईबापूंची झोप उडालेली.

"बाबा, प्रांत चांगला म्हटलं तर मलाच तिकडे धाडतील, आणि हिचे दिवस भरत आलेत. वाईट म्हटलं आणि दुसऱ्यांनी तिथे नफा कमावला, तर नोकरी जाईल."

"अहो, 'बंदर, वीज व परवाने यांची अधिक माहिती मागवावी' एवढंच लिहा. हा शेरा मारलेली फाईल आमच्या सरकारी कचेरीत पुन्हा हलत नसे."

संध्याकाळी ते पांढरेफटक होऊन परतले.

"साहेब खूश झाले. म्हणाले, गेनाऊ! म्हणजे अगदी बरोबर! जा आणि माहिती घेऊन या."

इथे शेऱ्याची अंमलबजावणी होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लेक माझ्याशी बोलत नाही. जावईबापूंचा इंडोनेशियाच्या व्हिसाचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.