निळ्या पडद्यामागची कविता

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माधुरीताई सावंत, संस्थेचे कार्यवाह भाऊराव तांबे, सर्व शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, पालक. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो, ज्या सत्काराच्या खुर्चीत बसायचं सोडून अजून माइकची वायर सारखी करताहेत, त्या आमच्या कार्यालयातल्या, आज निवृत्त होणाऱ्या मार्सेलिनाबाई डिमेलो! बाई, बसा हो आता. आजच्या दिवस आवाज खरखरला तरी चालेल.

मी मराठीचा निवृत्त मास्तर, पण अजून रोज शाळेत येऊन बसतो. मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. कवितेच्या तासालासुद्धा मला घंटा कधी ऐकू यायची नाही, हे मागच्या रांगेतले माजी विद्यार्थी सांगतील. तेव्हा एकच गोष्ट सांगतो.

गेल्या महिन्यात आपली माजी विद्यार्थिनी जान्हवी वाहुळे शाळेत आली. आता ती परिचारिका आहे. म्हणाली, "सर, सातवीत मी आईवर कविता लिहिली होती. आई आता कामावरून निवृत्त होतेय. तिला वाचून दाखवायचीय."

मी उत्साहाने कपाटातून शाळेचं तेव्हाचं वार्षिक काढलं, त्यात मुलांचं लेखन छापायचो. तिने हात मागे घेतला. "छापलेली नको सर. मी लिहिलेली हवी."

मला काही उमगेना. मार्सेलिनाबाईंना मात्र उमगलं. त्या नुसतं म्हणाल्या, "असेल. माझ्याकडे असेल."

असेल, पण कुठे? कार्यालयातला जुना संगणक दिवाळीत जळाला होता. त्याची डिस्क वाचली, तेवढंच. देणगीत आलेल्या नव्या संगणकाला ती जोडली, तर वार्षिकाची पानं कोंबड्या नाचून गेल्यासारखी दिसू लागली. एकवीस वर्षांपूर्वीचा तो मराठी टाइपिंगचा प्रोग्राम फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. म्हणजे नव्या यंत्रात जुनी विंडोज घालायची. माझ्यासारख्याला आजच्या सहावीच्या वर्गात बसवण्यासारखंच की ते!

बाईंनी जुनी सीडी घातली. निम्मं काम झालं आणि पडदा निळाशार, खाली कसलासा नंबर. यंत्र बंद, पुन्हा सुरू. पुन्हा निळा. मी आपला म्हणालो, "काय सुंदर निळा आहे हो, श्रावणातल्या आभाळासारखा!"

"सर, तुम्ही पण ना! इथे वाट लागलीय, आणि तुम्हाला आभाळ दिसतंय."

पुढे आठ दिवस शाळा सुटल्यावर हेच. बाईंची एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वहीत लिहायची. सीडी बदलली: निळा. मेमरीची एक पट्टी काढली: निळा. दुसरी काढून पहिली लावली: निळा. मी म्हटलं, "सगळंच एकदम बदलून बघा ना." तर म्हणाल्या, "आणि मग चाललं तर कशामुळे चाललं, ते कोण सांगणार? तुम्ही?"

आठव्या दिवशी मी हात टेकले. "राहू द्या. हे यंत्र लहरी आहे."

बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली. "लहरी नाय सर. खालचा नंबर बघा. दर वेळी तोच. यंत्र आठ दिवस एकच गोष्ट सांगतंय, आपल्यालाच ऐकू येत नाय."

चाळीस वर्षं मी मुलांना ऐकायला शिकवलं. पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

नंबर शोधला, अर्थ निघाला. जुन्या विंडोजला नव्या यंत्रातली डिस्क दिसतच नव्हती. डिस्कशी बोलायची रीत बदललेली. बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन जुनी रीत लावली. इंटरनेटची वायर काढून ठेवली, म्हाताऱ्याला बाहेरची हवा बाधते म्हणून. या वेळी निळं काही आलं नाही. तास गेला, आणि पडद्यावर जुन्या विंडोजचं ते हिरवं माळरान उगवलं. बाईंनी छातीवर क्रूस काढला. मीही हात जोडले.

वार्षिकाच्या फोल्डरमध्ये दोन फाइली होत्या. एक 'जान्हवी'. दुसरी 'जान्हवी-सर'.

मी विचारलं, "हे काय?"

"तुम्ही सुधारायच्या आधी पोरांचं जसंच्या तसं टाइप करून ठेवायची मी. सगळ्यांचं. पोरांचं पोरांकडे, सरांचं सरांकडे."

जान्हवीला बोलावून घेतलं आणि आधी 'जान्हवी-सर' उघडली:

आईच्या हाताला मोगऱ्याचा वास,
चांदण्यात न्हाला जणू आसमंत खास.

मित्रहो, हे माझं. मला तेव्हा फार आवडलं होतं. जान्हवी शांतपणे म्हणाली, "वार्षिक आलं तेव्हा मी आईला हे वाचून दाखवलं होतं सर. ती म्हणाली, 'चांगली हाय गं. पर ही कुनाची आई?' मी परत कविता नाही लिहिली."

जान्हवीची आई, द्रौपदीबाई, रुग्णालयात तीस वर्षं फरशी पुसायच्या. आज त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. जान्हवीने कविता अजून त्यांना ऐकवलेली नाही. आज मीच वाचावी, असं ती म्हणाली. ही शिक्षा आहे की मान, मी विचारलं नाही. वाचतो.

आईच्या हाताला फिनेलचा वास,
दारातच कळतं, आता मिळणार घास.
हजार आयांमधून ओळखीन मी तिला,
डोळे बांधले तरी चालेल मला.

मार्सेलिनाबाई, तुम्ही कांजूरच्या गावठाणात आता निवांत राहाल, कोंबड्या पाळाल, सुखात राहा. त्या डिस्कवर अजून दोनशे मुलं आहेत, माझ्या मोगऱ्यातून सुटलेली. त्यांच्या फाइली उघडायची रीत तुम्ही वहीत लिहून दिलीत, त्याबद्दल शाळा तुमची ऋणी आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी 'काही चुकलं असेल तर' म्हणायची पद्धत आहे. मला तसं म्हणता येत नाही. माझं चुकलं, त्याची फाइल आहे, तारखेसकट. द्रौपदीबाई, तो मोगरा मी परत घेतो. मला क्षमा करा.