ब्रह्मांड उबवलं कुणी?

मंडळी, आज एकच प्रश्न! देव दयाळू — बरोबर? मग आपण रडतो, धावा करतो, तेव्हा तो नुसता बघत का बसतो? झटक्यात का सोडवत नाही? सांगा! नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या!

नाही येत? मलाही येत नव्हतं. ऐका तर.

नदीकाठी आंबेतळ नावाचं गाव. देवळात वैजनाथशास्त्री प्रवचन सांगतायत. काय ती विद्वत्ता! 'ब्रह्मांड' या एका शब्दावर तीन दिवस! म्हणाले, "ब्रह्मांड म्हणजे ब्रह्म्याचं अंडं. आधी सगळीकडे पाणीच पाणी. त्यावर एक सोन्याचं अंडं. वर्षानं ते फुटलं — वरचं कवच आकाश, खालचं पृथ्वी!" वा! अहो, कुण्या एके काळी कुणीतरी वर मान करून पाहिलं आणि एवढ्या पसाऱ्याला म्हणालं — अंडं! काय नजर असेल त्या माणसाची!

इतक्यात पायरीखालून आवाज — "म्हाराज, त्ये उबवलं कुनी?"

सारजा! कोंबड्या पाळून पोट भरणारी बाई. त्या साली मानमोडीच्या रोगानं तिच्या सगळ्या कोंबड्या मेल्या, उरली एक. ती नऊ अंड्यांवर रवणाला बसवलेली — उबवायला हो! अहो पेटीवाले, सूर धरा, हसू नका, तुमची अंडी दुकानातच होतात, ठाऊक आहे मला! तर पिल्लं निघाली तर सारजाची चूल पेटणार, नाहीतर गाव सोडायचं.

लोक तिच्यावर खेकसले. पण शास्त्रीबुवा — याला म्हणतात विद्वान! — म्हणाले, "बाई, मला माहीत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्या दारात हजर! रवणाचा नेमका एकविसावा दिवस. टोपलीत भुसा, विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा, आणि वर पंख पसरून कोंबडी.

"एकवीस दिस बसलीया," सारजा म्हणाली. "दाण्याला उठती, की लगीच माघारी. वाळलीया बगा कशी."

तेवढ्यात पंखाखालून डोकावणाऱ्या एका अंड्याला चीर पडली. आतून टकटक! पिल्लू दमायचं, थांबायचं, पुन्हा चोच मारायचं. शास्त्रीबुवांना बघवेना. अहो, जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस — वाकला आणि नखानं कवच सोलायला गेला!

सारजानं मनगटच धरलं! शास्त्र्याचं! त्या काळी!

"हात मागं! तुमी सोडवलं तर मरंल त्ये, रगात जाईल त्याचं. त्याचं त्यालाच येऊ द्या!"

"मग आईनं काय करायचं?"

"ऊब द्यायची. हलायचं न्हाई."

दुपारपर्यंत आठ पिल्लं बाहेर आली. नववं नाही आलं. सारजा त्याच्यासाठी रडली, आणि आठांसाठी हसली. शास्त्रीबुवा तिथंच भुईवर बसून होते, डोळे भरलेले. संध्याकाळी त्यांनी तिला पायरीखालून उठवून सभेत पुढे बसवलं. म्हणाले, "शब्द मी सांगितला होता. अर्थ या माउलीनं सांगितला."

मंडळी, आतल्या पिल्लाला आई दिसत नाही हो! त्याला फक्त अंधार दिसतो. ते म्हणत असेल, 'ही बया कवच का फोडत नाही?' आणि ती वर बसून वाळतेय!

तुम्ही-आम्ही अजून आतच आहोत. उद्या हाक माराल, कुणी आलं नाही असं वाटेल, तेव्हा देवाला शिव्या घालण्याआधी जरा गप्प बसा. ऊब लागतेय का बघा.

लागतेय ना? मग रडताय काय — मारा चोच!