मल्लम्माचे उपाशी सोमवार

शांताक्का : ढोंग न्हाय तर काय हे, डाक्टरसाब? दर सोमवारी उपास धरती अन् दुपारी रानात आडवी पडती. आज तर गाडीत घालून कळंबला आणावं लागलं सुनंला.

डॉक्टर : थांबा, शांताक्का. गुळाचं पाणी पोटात गेलंय, डोळे उघडतेय. मल्लम्मा, ऐकू येतंय?

मल्लम्मा : व्हय... लई लांबून.

डॉक्टर : हात बघू. तळव्याच्या रेघा कधीपासून अशा काळ्या? हिरड्याही काळवंडल्यात.

शांताक्का : वरीस झालं. हिची ल्हान लेक गेली तवापासनं. अन् मूठमूठ मीठ खाती चोरून! शेजारणी म्हणत्यात, बाहेरचं हाय.

डॉक्टर : आतलंच आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. हिच्या थकल्यात. अंगात मीठ टिकत नाही, म्हणून ते खावंसं वाटतं. अन् पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते. एखाद्या उपासात जीव जाईल.

शांताक्का : अगं बया!

डॉक्टर : हैदराबादहून दवा मागवतो. महायुद्धामुळं उशीर होईल. तोवर घडीघडीला खायचं, मीठ भरपूर. उपास बंद.

मल्लम्मा : उपास न्हाय सोडणार म्या.

डॉक्टर : देव रागावणार नाही, बाई.

मल्लम्मा : देवासाठी कुठं धरते? ऊन वर आलं की सारी जवारी पाण्यावानी हालती. पाखरांचा आवाज विरतो. मग धुऱ्यावरनं, बांधाबांधानं माझी गौरा येती. मांडीवर बसती... जेवले तर येईल का ती?

डॉक्टर : नाही. साखर उतरली की असं दिसतं. खोटं कसं सांगू?

मल्लम्मा : मग नगं तुमची दवा.

शांताक्का : मल्ले... मला का न्हाय सांगितलंस?

मल्लम्मा : ढोंग म्हणला असता.

शांताक्का : म्हणले असते... कशी दिसती गं? चालती का आता?

मल्लम्मा : पळती, आत्याबाई.

शांताक्का : मला एकदाबी दिसली न्हाय. तू गेलीस तर तिचं कोण सांगंल मला? भाकरी हाय माझ्याजवळ. तोंड उघड.

(पंधरा दिवसांनी, त्याच दवाखान्यात.)

डॉक्टर : नाडी बरी लागतेय. उपास?

शांताक्का : न्हाय. दोघी धुऱ्यावर बसून जेवतो.

डॉक्टर : आणि गौरा?

मल्लम्मा : न्हाय येत आता. आत्याबाई सांगत्यात तिचं. म्या रानात असायचे तवा ती घरी काय काय करायची... मला ठावंच नव्हतं.